डोळ्यातले इंजेक्शन, फेटाळलेला दावा आणि पुढचा मार्ग

स. न. वि. वि.

माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून ते निवृत्त झाले, तेव्हा २०१८ साली आम्ही त्यांच्या नावाने मेडिक्लेम पॉलिसी घेतली आणि तेव्हापासून तिचा एकही हप्ता चुकवलेला नाही. त्यांना मधुमेह आहे आणि तो अर्ज भरतानाच आम्ही लिहिला होता. यंदा डाव्या डोळ्याने नीट दिसेनासे झाले म्हणून तपासणी केली, तेव्हा पडद्याच्या मध्यभागी सूज असल्याचे आढळले. डॉक्टरांनी दर महिन्याला एक याप्रमाणे डोळ्यात इंजेक्शने घ्यायला सांगितली. त्यातील तीन झाली. त्यांचा एकूण ८४ हजार रुपयांचा दावा कंपनीने ‘या उपचारासाठी चोवीस तास रुग्णालयात दाखल होणे आवश्यक नाही, तो बाह्यरुग्ण विभागात करता येतो, त्यामुळे दावा देय नाही’ असे लिहून फेटाळला. मी फोन केला, तेव्हा ‘मधुमेह जुना आहे, तसेही मिळाले नसते’ असे उत्तर मिळाले. रुग्णालयाच्या विमा काउंटरवर सांगतात की पुढच्या वेळी कागदोपत्री एक रात्र दाखल करून घेऊ, म्हणजे पैसे मिळतील. वडिलांचे म्हणणे असे की, कंपनीकडेही डॉक्टर असतात आणि त्यांना गरज वाटली नसेल तर इंजेक्शने उगीचच दिली जात असावीत. चौथे इंजेक्शन ते पुढे ढकलत आहेत. आम्ही काय करावे? ही कंपनी सोडून दुसरीकडे जावे का?

– एक वाचक, नाशिकरोड

सप्रेम नमस्कार,

तुम्ही विचारलेला शेवटचा प्रश्न कंपनी बदलण्याचा आहे, पण मी आधी वडिलांच्या चौथ्या इंजेक्शनाबद्दल लिहितो, कारण ८४ हजार रुपये सहा महिन्यांनी मिळाले तरी चालण्यासारखे आहे आणि डोळ्याचे तसे नाही. मधुमेहामुळे दृष्टिपटलाच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि ज्या मध्यबिंदूने आपण वाचतो, चेहरे ओळखतो, सुईत दोरा ओवतो, तिथे द्रव साचून सूज येते. ही इंजेक्शने तो पाझर थांबवतात. त्यांचा परिणाम काही आठवड्यांनी ओसरतो, म्हणून सुरुवातीला ती ठरावीक अंतराने पुन्हा द्यावी लागतात. सूज दीर्घकाळ तशीच राहिली तर तिथल्या पेशींची कायमची हानी होऊ शकते आणि मग नंतर कितीही उपचार केले तरी गेलेली नजर पूर्णपणे परत येईलच असे सांगता येत नाही. मध्यभागी सूज आलेली असून नजरही कमी झाली असेल, तर डोळ्याच्या आत दिले जाणारे हे औषध हाच आज जगभर प्रथम पसंतीचा उपचार मानला जातो. तुमच्या डॉक्टरांनी काही जगावेगळे लिहून दिलेले नाही.

वडिलांना हे समजावताना एक गोष्ट स्पष्टपणे सांगा. कंपनीच्या पत्रात इंजेक्शनांची गरज नव्हती असे कुठेही म्हटलेले नाही. त्यात म्हटले आहे ते इतकेच की, या इंजेक्शनांसाठी चोवीस तास दाखल होण्याची गरज नव्हती. ही दोन अगदी वेगळी विधाने आहेत. पहिले विधान डोळा तपासणाऱ्याने करायचे असते, तर दुसरे करारातल्या एका कलमाच्या आधारे केलेले आहे आणि ते करणाऱ्याने वडिलांचा डोळा पाहिलेला असण्याची शक्यता फार थोडी आहे. दावा तपासणारे डॉक्टर बहुधा टीपीएच्या, म्हणजे कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या, कार्यालयात बसून पाठवलेले कागद वाचतात. त्या कागदांत नसलेली गोष्ट त्यांच्या दृष्टीने घडलेलीच नसते. नाकारलेला दावा म्हणजे उपचारावर दिलेला वैद्यकीय निकाल असा समज आपल्याकडे घराघरांत आहे आणि त्यापायी माणसे गरजेचे उपचार अर्धवट सोडतात, याचे मला फार वाईट वाटते. वडिलांच्या मनात तरीही शंका राहिली, तर शहरातल्या दुसऱ्या नेत्रपटलतज्ज्ञांना सगळे रिपोर्ट दाखवून त्यांचे मत घ्या. ते मत लेखी घेतले तर पुढे तक्रारीतही उपयोगी पडेल. खर्चाचा ताण असेल तर तोही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. या आजारासाठी एकाहून अधिक औषधे वापरली जातात, त्यांच्या किमतींत मोठी तफावत असते, आणि काही औषधांची भारतात तयार होणारी स्वस्त रूपेही उपलब्ध आहेत. औषध बदलायचे की नाही हे अर्थातच डॉक्टरांनी ठरवायचे.

आता नकाराच्या कारणाकडे वळू. कंपनीची बाजू पूर्णपणे निराधार आहे असे मी म्हणणार नाही, कारण तिचा मुद्दा नेमका कुठून येतो हे कळल्याशिवाय तुम्हाला तो खोडता येणार नाही. मेडिक्लेम पॉलिसी मुळात चोवीस तास किंवा अधिक काळ दाखल झालेल्या रुग्णासाठी असते. त्याला अपवाद डे-केअर उपचारांचा. पूर्वी ज्यासाठी दिवसभराहून अधिक काळ दाखल व्हावे लागे, पण तंत्रज्ञान सुधारल्यामुळे आता काही तासांत होते, असे भूल देऊन केलेले उपचार त्यात येतात. या व्याख्येच्या अखेरीस एक वाक्य असते की, सर्वसाधारणपणे बाह्यरुग्ण म्हणून घेतले जाणारे उपचार यात धरले जाणार नाहीत. तुमच्या कंपनीने या वाक्याचा आधार घेतलेला दिसतो. डोळ्यातले इंजेक्शन देऊन रुग्ण तासा-दोन तासांत घरी जातो, तेव्हा ते बाह्यरुग्ण उपचारातच मोडते, असा हा युक्तिवाद आहे.

परंतु कंपनीच्या पत्रात ज्याचा उल्लेख नाही अशी एक गोष्ट आहे. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने २७ सप्टेंबर २०१९ रोजी आरोग्य विम्यातून काय वगळता येईल आणि काय वगळता येणार नाही, याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात बारा आधुनिक उपचारांची यादी दिली आणि वैद्यकीयदृष्ट्या गरज असेल तिथे हे उपचार दाखल रुग्ण म्हणून किंवा डे-केअर म्हणून विम्याच्या संरक्षणात असलेच पाहिजेत, असे सांगितले. रोबोटच्या साहाय्याने होणारी शस्त्रक्रिया, तोंडाने घ्यायची केमोथेरपी, इंजेक्शनाने दिली जाणारी इम्युनोथेरपी या यादीत आहेत आणि डोळ्याच्या आत, म्हणजे व्हिट्रियसमध्ये दिली जाणारी इंजेक्शनेही तिच्यात नावानिशी आहेत. आधीपासून विकल्या जाणाऱ्या पॉलिसींनाही १ ऑक्टोबर २०२० पासून या तत्त्वांशी जुळवून घेणे भाग होते. त्यामुळे तुमची पॉलिसी २०१८ सालची असली तरी नंतरच्या नूतनीकरणांबरोबर आलेल्या मजकुरात हे कलम असायला हवे. दरवर्षी येणारे दोन पानी प्रमाणपत्र बाजूला ठेवून पॉलिसीच्या अटींचे संपूर्ण पुस्तक काढा. ते हाताशी नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर पॉलिसीच्या नावाने मिळते. त्यात ‘आधुनिक उपचारपद्धती’ अशा शीर्षकाखाली ही यादी शोधा. पान आणि कलमाचा क्रमांक लिहून ठेवा. तुमच्या तक्रारीचा कणा तोच असेल. ज्या करारात एक उपचार नाव घेऊन समाविष्ट केला आहे, त्याच करारातल्या सर्वसाधारण वाक्याच्या आधारे तो पुन्हा बाहेर काढता येत नाही, हा साधा आणि भक्कम मुद्दा आहे. शिवाय, पॉलिसीचा मजकूर कंपनीने स्वतः तयार केलेला असतो, म्हणून त्यातल्या शब्दांचे दोन अर्थ निघत असतील तर विमाधारकाच्या बाजूचा अर्थ घ्यावा, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी वर्षानुवर्षे मान्य केलेले आहे.

याच यादीच्या आसपास आणखी एक गोष्ट तपासा, म्हणजे नंतर निराशा होणार नाही. या आधुनिक उपचारांना पूर्णपणे वगळता येत नसले तरी त्यांच्यासाठी रकमेची मर्यादा घालण्याची मुभा कंपन्यांना होती आणि अनेकींनी ती घातली आहे. कुठे विमा रकमेच्या काही टक्के, कुठे वर्षाला ठरावीक रुपये, असे वेगवेगळे प्रकार आढळतात. तुमच्या पॉलिसीत अशी मर्यादा असेल तर ८४ हजारांपैकी तेवढेच मिळतील. मागणी करताना पूर्ण रक्कम लिहिली तरी मनात हा आकडा असू द्या.

आता ज्या कागदावर सर्वाधिक मेहनत घ्यावी असे मला वाटते, त्याबद्दल लिहितो. पॉलिसीत ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार’ म्हणजे काय, याची व्याख्या असते. तो उपचार आजारासाठी गरजेचा असावा, सुरक्षित आणि योग्य उपचारांसाठी लागते त्याहून व्याप्तीने, काळाने किंवा तीव्रतेने जास्त नसावा, डॉक्टरांनी लिहून दिलेला असावा आणि भारतातल्या वैद्यकीय वर्तुळात किंवा जगात मान्य असलेल्या व्यावसायिक निकषांना धरून असावा, असे तिचे चार भाग आहेत. डॉक्टरांनी लिहून दिले आहे, एवढ्याने चारांपैकी एकच अट पुरी होते. उरलेल्या तिन्हींचे उत्तरही डॉक्टरांकडेच असते, फक्त ते कागदावर उतरलेले नसते. गर्दीच्या ओपीडीत ते केस पेपरवर औषधाचे नाव, डावा डोळा, एक महिन्याने पुन्हा, एवढे लिहून मोकळे होतात. त्यात त्यांची काही चूक नाही, कारण दुसऱ्या नेत्रतज्ज्ञाला तेवढ्यावरून सगळे कळते. पण दावा तपासणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही.

म्हणून डॉक्टरांची स्वतंत्र वेळ घ्या आणि त्यांच्या लेटरहेडवर एक पानभर प्रमाणपत्र मागा. निदानाचे पूर्ण नाव, उपचारापूर्वी डाव्या डोळ्याची नजर किती होती आणि तीन इंजेक्शनांनंतर किती झाली, ओसीटी स्कॅनमध्ये, म्हणजे पडद्याच्या थरांचे चित्र घेणाऱ्या तपासणीत, मध्यभागाची जाडी आधी किती मायक्रॉन होती आणि आता किती आहे, लेझर किंवा नुसती औषधे न देता इंजेक्शन का निवडले, आणखी किती लागण्याचा अंदाज आहे आणि उपचार थांबवल्यास काय होऊ शकते, हे त्यात आकड्यांसह यावे. मग सर्वांत महत्त्वाचे वाक्य यावे. हे इंजेक्शन ओपीडीच्या खोलीत टोचलेले नसून निर्जंतुक ऑपरेशन थिएटरमध्ये, डोळा बधिर करून, पापण्या बाजूला धरून ठेवणारे उपकरण लावून, सर्व खबरदारी घेऊन दिले गेले आणि त्यानंतर रुग्णाला निरीक्षणाखाली ठेवले, असे ते वाक्य. जंतुसंसर्ग झाल्यास डोळाच जाऊ शकतो, म्हणून ही खबरदारी घ्यावी लागते, हेही जोडले तर उत्तम. अर्थात, प्रत्यक्षात जे झाले तेच त्यांनी लिहावे.

याबरोबर रुग्णालयाकडून थिएटरमधील नोंदीची प्रत, तिन्ही वेळची डिस्चार्ज कार्डे आणि औषधाच्या कुपीवरचा स्टिकर लावलेले केस पेपरचे पान मागून घ्या. त्या छोट्या स्टिकरवर औषधाचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत असते, आणि बिलात लावलेले औषधच डोळ्यात गेले याचा तो थेट पुरावा ठरतो. बिलावर ‘ओपीडी प्रोसिजर’ असा शिक्का पडलेला असेल, तर उपचार प्रत्यक्षात डे-केअर म्हणून झाला असल्याचे रुग्णालयाकडून लेखी स्पष्टीकरण घ्या. काही ठिकाणी संगणकात सोयीसाठी जो वर्ग निवडला जातो, त्याने अख्खा दावा बुडतो. नोंदी देण्यास कोणी टाळाटाळ केली तर लेखी अर्ज द्या. डॉक्टरांसाठीच्या २००२ सालच्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितलेल्या वैद्यकीय नोंदी ७२ तासांत द्याव्या लागतात.

फोनवर तुम्हाला मधुमेहाबद्दल जे सांगितले गेले, त्याने बिचकू नका. पहिली बाब अशी की, नकाराच्या पत्रात ते कारण नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने सौराष्ट्र केमिकल्सच्या खटल्यात २०१९ साली स्पष्ट केले आहे की, दावा फेटाळताना पत्रात जी कारणे दिली त्यांच्या पलीकडे जाऊन कंपनीला नंतर नवी कारणे पुढे करता येत नाहीत. दुसरी बाब अशी की, हे कारण पत्रात असते तरी टिकले नसते. आधीपासून असलेल्या आजारासाठीचा प्रतीक्षा काळ, म्हणजे त्या आजाराचे दावे मिळत नाहीत तो सुरुवातीचा काळ, सध्याच्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो, आणि पूर्वीच्या नियमांतही तो ४८ महिन्यांच्या पुढे नव्हता. तुमची पॉलिसी २०१८ पासून अखंड चालू आहे. त्याशिवाय, सलग ६० महिने पूर्ण झालेल्या पॉलिसीवर, सिद्ध झालेली फसवणूक वगळता, माहिती लपवली किंवा चुकीची दिली या कारणावरून कंपनीला आक्षेप घेता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती, २०२४ साली ती पाच वर्षांवर आणली गेली. तुम्ही तर मधुमेह अर्जातच लिहिला होता. त्या अर्जाची प्रत तुमच्याजवळ नसेल तर कंपनीकडे ईमेलने मागा, आणि यापुढे कंपनीशी जे बोलायचे ते ईमेलनेच बोला. फोनवर जे सांगितले जाते त्याचा पुरावा राहत नाही आणि सांगणाऱ्यावर जबाबदारीही येत नाही.

रुग्णालयाच्या काउंटरवरून आलेल्या सूचनेबद्दल माझे मत ठाम आहे. कागदोपत्री एक रात्र दाखल करून घेऊ नका. तसे सुचवणाऱ्याचा हेतू तुम्हाला मदत करण्याचा असेलही, आणि असा सल्ला आपल्या शहरात किती सहजपणे दिला जातो हेही मला ठाऊक आहे. परंतु आज तुमची बाजू पूर्णपणे खरी आहे. गरज नसताना दाखल दाखवले की कंपनीच्या हाती दोन शस्त्रे येतात. ‘दाखल होण्याची गरज नव्हती’ हे तिचे म्हणणे त्या दाव्यापुरते खरे ठरते आणि वर खोटी नोंद केल्याचा आरोप येऊ शकतो. मी वर लिहिलेले साठ महिन्यांचे संरक्षण फसवणुकीला लागू होत नाही. एका रात्रीच्या खोट्या नोंदीसाठी सात वर्षे सांभाळलेली पॉलिसी पणाला लावू नका. चौथ्या इंजेक्शनाच्या वेळी त्याऐवजी असे करा. तीन-चार दिवस आधी रुग्णालयाकडून डे-केअर उपचार म्हणून कॅशलेसची विनंती पाठवायला सांगा आणि सोबत डॉक्टरांचे नवे प्रमाणपत्र व पॉलिसीतल्या कलमाचा क्रमांक जोडा. नियामकाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार अशा विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा असतो. कॅशलेस नाकारले तरी त्याचा अर्थ दावा नाकारला असा होत नाही. बिल स्वतः भरून नंतर परतफेडीचा दावा करता येतो, आणि तो करावाच.

आता तक्रारीचा मार्ग पाहू. पहिली पायरी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याची. त्यांचा ईमेल पत्ता पॉलिसीत आणि कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. पत्र लांबलचक नको, संतापाचे तर मुळीच नको. दावा क्रमांक आणि नकाराची तारीख देऊन साधारण असे लिहा: ‘पॉलिसीच्या अमुक कलमात डोळ्याच्या आत दिली जाणारी इंजेक्शने आधुनिक उपचार म्हणून समाविष्ट आहेत. ती डे-केअर स्वरूपात, ऑपरेशन थिएटरमध्ये दिली गेल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. असे असताना दाखल होण्याच्या अटीवरून दावा कोणत्या कलमाखाली नाकारला आणि त्या नकाराला दावा पुनरावलोकन समितीची मंजुरी होती का, हे लेखी कळवावे आणि दावा मंजूर करावा.’ समितीबद्दलचा प्रश्न आवर्जून विचारा. २०२४ च्या त्याच परिपत्रकानुसार या समितीच्या मंजुरीवाचून कोणताही दावा फेटाळता येत नाही, आणि फेटाळताना पॉलिसीतल्या नेमक्या अटीचा दाखला द्यावा लागतो. तुम्हाला आलेल्या पत्रात कलमाचा क्रमांक नाही असे तुमच्या मजकुरावरून दिसते. तसे असेल तर ही त्रुटीही नोंदवा.

या तक्रारीवर कंपनीने दोन आठवड्यांत उत्तर देणे अपेक्षित आहे. त्याच सुमारास नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ या पोर्टलवरही तक्रार टाका. १५५२५५ या क्रमांकावर फोन करूनही ती नोंदवता येते. नियामक स्वतः दाव्याचा निकाल देत नाही, पण तक्रार त्याच्या नोंदीत आली की कंपनीत ती थोड्या वरच्या टेबलावर पोहोचते.

कंपनीने पुन्हा नकार दिला, अपुरे उत्तर दिले किंवा महिनाभर काहीच कळवले नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमाधारकांच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. नाशिकसाठी पुण्याचे कार्यालय आहे. मला स्वतःला तुमच्या प्रकरणात हाच मार्ग सर्वांत योग्य वाटतो. इथे शुल्क नाही आणि वकील लागत नाही, किंबहुना वकिलाला तिथे उभे राहताच येत नाही, त्यामुळे कंपनीही वकिलांची फौज आणू शकत नाही. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते आणि सुनावणी व्हिडिओद्वारे होऊ शकते, म्हणजे वडिलांना संगमनेरच्या रस्त्याने पुण्याला हेलपाटे घालायला लावण्याचे कारण नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते, एवढे मात्र विसरू नका. सर्व कागद मिळाल्यापासून तीन महिन्यांत लोकपालांनी निवाडा द्यायचा असतो. तो कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नसतो. कंपनीने ३० दिवसांत त्याची अंमलबजावणी केली नाही, तर पुढे दर दिवसाला ५ हजार रुपये तक्रारदाराला द्यावे लागतात. सुनावणीत तुम्हाला बोलायला थोडाच वेळ मिळेल. तेव्हा आधीच्या आणि नंतरच्या ओसीटीची दोन चित्रे एकाच पानावर शेजारी शेजारी छापून घ्या आणि खाली जाडीचे आकडे लिहा. मध्यभागी आलेला फुगवटा आणि तीन इंजेक्शनांनंतर बसलेली तीच जागा डोळ्यांसमोर आली, की उपचाराची गरज होती का, या प्रश्नावर फार बोलावे लागत नाही.

दुसरा पर्याय जिल्हा ग्राहक आयोगाचा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे जाता येते, त्यामुळे कंपनीचे मुख्य कार्यालय मुंबईत असो वा चेन्नईत, तुमची तक्रार नाशिकलाच चालेल. मुदत दोन वर्षांची आहे आणि भरलेला हप्ता पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क लागणार नाही. मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च मागण्याची सोय तिथे आहे. पण वेळ जास्त लागतो. दोन्हीकडे एकाच वेळी जाता येत नाही, म्हणून आधी लोकपाल आणि त्यांचा निवाडा पटला नाही तरच आयोग, असा क्रम ठेवा. दोन वर्षांची मुदत डोक्यात ठेवूनच मधला वेळ खर्च करा.

राहिला कंपनी बदलण्याचा प्रश्न. पोर्टिंगची, म्हणजे चालू पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेण्याची, सोय आहे आणि त्यात आजवर पूर्ण केलेला प्रतीक्षा काळ व साठ महिन्यांचे संरक्षण पूर्वीच्या विमा रकमेपुरते पुढे चालू राहते. त्यासाठी नूतनीकरणाच्या तारखेपूर्वी किमान ४५ दिवस अर्ज करण्याचा नियम आहे. परंतु नव्या कंपनीला तुमचा अर्ज नाकारण्याचा किंवा जास्त हप्ता मागण्याचा अधिकार असतो. ६८ वर्षांचे वय, मधुमेह आणि चालू असलेले डोळ्यांचे उपचार पाहता ती तसे करण्याची शक्यता बरीच आहे. आताची कंपनी मात्र दावे केले म्हणून नूतनीकरण नाकारू शकत नाही. त्यामुळे रागाच्या भरात इथून निघू नका. चौकशी करायची तर करा, पण दुसऱ्या कंपनीचा लेखी होकार हाती येईपर्यंत ही पॉलिसी सोडू नका. तक्रार चालू असताना नूतनीकरणाची तारीख आली तर हप्ता रोखून निषेध नोंदवण्याचा मोह काहींना होतो, तोही टाळा. सवलतीच्या मुदतीनंतरही हप्ता गेला नाही तर पॉलिसीत खंड पडेल आणि २०१८ पासून जमा झालेले सगळे संरक्षण जाईल. हप्ता तारखेच्या आठवडाभर आधीच भरा आणि पावती तक्रारीच्या फाईलमध्ये लावून ठेवा.